सतरा माणकं आणि एक चरा

माझ्या घड्याळाच्या काचेवर एक चरा आहे. काट्याच्या घड्याळात जिथे चार असतात तिथे तो सुरू होतो, किंचित वाकत पाचाकडे येतो आणि एका पांढऱ्या ठिपक्यात संपतो. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. नख फिरवलं तर अडकत नाही, पण जाणवतो. पडदा उजळलेला असताना दिसत नाही. पडदा विझला आणि मनगट उन्हात तिरकं झालं की केसासारखा चमकतो. ओलं बोट फिरवलं तर नाहीसा होतो, पाणी वाळलं की परत येतो. तो पडला तेव्हा घड्याळ घेऊन अकरा दिवस झाले होते.

पहिला चरा जिव्हारी लागतो. नंतरचे मोजायचं आपण सोडून देतो, पण पहिल्याची तारीख लक्षात राहते. स्मार्टवॉचच्या बाबतीत हे दुखणं थोडं जास्तच, कारण ही वस्तू आपण दिवसभर बघतो आणि ती शरीराच्या नेमक्या अशा जागी बसते, जी सतत कशाला ना कशाला घासत असते. दाराची चौकट, ओट्याची कड, स्कूटरची डिकी, भाजीच्या पिशवीचा बंद. खिशातल्या घड्याळाला यातलं काहीच सोसावं लागत नव्हतं. शिवाय त्याच्यावर बऱ्याचदा धातूचं झाकण असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात पुरुषांचं घड्याळ खिशातून मनगटावर आलं आणि काचेचे हाल सुरू झाले. खंदकांतले सैनिक काचेवर धातूची जाळी बसवून घेत, इतकी ती फुटायची.

यातली एक गोष्ट तर आपल्याच भूमीवर घडलेली आहे. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत. त्यावर उपाय म्हणून १९३१ साली पॅरिसमध्ये एका घड्याळाचं पेटंट नोंदवलं गेलं. त्याची चौकट बाजूला सरकवून उलटी करता यायची, काच मनगटाकडे आणि पोलादी पाठ बाहेर. ‘रिव्हर्सो’ हे ते घड्याळ अजूनही बनतं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर लोक आता हौसेनं नावं कोरून घेतात. स्मार्टवॉच असं उलटं करता येत नाही. त्याच्या पाठीलाही काम आहे: तिथून हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारांवरून नाडी मोजली जाते. दोन्ही बाजूंनी काम करणारी ही वस्तू आहे, त्यामुळे तिला तोंड लपवता येत नाही.

मला मात्र त्या दिवशी एकच प्रश्न पडला होता. हा चरा पाडला कोणी?

इंदूरच्या माणसाला या प्रश्नाचं शास्त्र सराफ्यातच शिकता येतं. रात्री तिथे गराडू आणि मालपुव्यांची गर्दी असते, पण दिवसा त्याच ओट्यांमागे सोन्याचा व्यवहार चालतो. सराफ काळ्या, गुळगुळीत दगडावर दागिना घासतो, त्याची पिवळी रेघ उठते, त्या रेघेवर आम्लाचा थेंब टाकून तो सोन्याचा दर्जा सांगतो. ही रेघ म्हणजे कस आणि तो दगड म्हणजे कसोटी. मराठीत आपण कस लावतो, कसाला लागतो, कसोटीला उतरतो, ते सगळं याच दगडावरून. दगड कठीण आणि सोनं मऊ, म्हणून सोनं आपला थोडासा भाग दगडाला देऊन जातं. दोन वस्तू घासल्या की मऊ असते तिनं द्यायचं. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञानं १८१२ साली याच नियमावर दहा पायऱ्यांचा जिना बांधला. सगळ्यांत खाली शंखजिरं, म्हणजे पावडरीतला टाल्क; तिसऱ्या पायरीवर कॅल्साइट; सहावीवर फेल्डस्पार; सातवीवर क्वार्ट्झ, ज्याला आपण गारगोटी म्हणतो; नववीवर कुरुंद; दहावीवर हिरा. वरच्या पायरीवरचा खालच्याला ओरखडू शकतो, खालचा वरच्याला नाही. पायऱ्या सारख्या उंचीच्या मात्र नाहीत. नवव्या पायरीवरून दहावीवर जाताना कठीणपणा कित्येक पटींनी वाढतो.

घड्याळाची मजबूत केलेली काच साधारण सहाव्या पायरीच्या आसपास असते. हे एकदा कळलं की घरातले बरेच संशयित एका फटक्यात सुटतात. आपण उगाच किल्ल्यांना बोल लावतो. पितळेची किल्ली तिसऱ्या पायरीवर, साध्या पोलादाची पाच-साडेपाचवर. त्यांच्यानं काचेला काही होत नाही, उलट कधी कधी किल्लीचाच धातू काचेवर रेघेसारखा बसतो आणि पुसला की जातो. सोन्याच्या पाटल्या अडीच ते तीन. काचेच्या बांगड्या साडेपाच. इंदूरच्या जुन्या घरांतली कोटा फरशी आणि देवघरातला संगमरवर दोन्ही कॅल्साइटचे, म्हणजे तीन. मीठ, साखर, कुकरचं ॲल्युमिनियम, सगळे मऊ. घड्याळ कोटा फरशीवर पडलं तर फुटू शकतं, पण त्या फरशीनं त्यावर चरा उठत नाही.

उरतात ते खरे संशयित. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा, कारण त्यात फेल्डस्पार असतो आणि बऱ्याचदा गारगोटीही. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. आणि एक संशयित असा, ज्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही: अमेरिकन डायमंडची अंगठी. तो खडा हिरा नसला तरी मोसच्या जिन्यावर आठच्या वर बसतो. ज्या हातात अंगठी त्याच्या दुसऱ्या हातात घड्याळ असेल आणि आपण हाताची घडी घालून उभे राहिलो, तर खडा बरोबर काचेवर टेकतो. माझ्या एका मामेबहिणीच्या घड्याळावर समांतर चऱ्यांचं जाळं होतं. ते कुठून आलं हे कोडं अंगठीनंच सुटलं. खरा हिरा असेल तर विचारायलाच नको.

माझ्या हातात अंगठी नव्हती. मला आधी वाटलं, धूळ असेल. पण कुठली धूळ? माळव्याची माती काळी. ती डेक्कन ट्रॅपच्या बेसाल्टपासून झाली आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचाच खडक इथवर पसरलेला आहे. बेसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसतेच. त्याची झीज होऊन जी काळी माती बनते, तिच्यात चिकणमातीचे कण भरपूर, आणि ते कण शंखजिऱ्याइतके मऊ. पावसात बुटाला किलोकिलोनं चिकटणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी ही माती काचेच्या बाबतीत मात्र निरुपद्रवी आहे. शेतात मध्येच चमकणाऱ्या गारगोट्या सापडतात. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत नंतर साचलेलं ते सिलिका आहे. पण माझ्या मनगटाशी त्यांचा संबंध यायचं कारण नव्हतं.

मग आठवलं. आमच्या मागच्या भिंतीचं प्लास्टर चाललं होतं आणि फाटकाशी वाळूचा ढीग पडला होता. शेजारच्या मुलाचा चेंडू ढिगाच्या पलीकडे गेला, तो काढायला मी वाकले आणि तोल सावरायला डावा हात वाळूत टेकवला. मनगटापर्यंत. ती वाळू नर्मदेची. इंदूरच्या बांधकामांत पिढ्यान्‌पिढ्या नर्मदेची वाळू वापरली जाते. नर्मदा अमरकंटकहून निघते, तिला सातपुड्यातून तवा येऊन मिळते, आणि तवेबरोबर सातपुड्याच्या वालुकाश्माची झीज येते. हा वालुकाश्म म्हणजे बहुतांशी गारगोटीचे कण. सातवी पायरी. एक कण माझ्या काचेवर टेकला, माझ्या वजनानं दाबला गेला, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर घसरला आणि जिथे थांबला तिथे ठिपका पाडून गेला. काळ्या मातीच्या गावात ज्यानं चरा पाडला, तो नर्मदेकाठून ट्रकमध्ये बसून आला होता.

आपल्याकडे कशाचाच परिणाम न होणाऱ्या माणसाला नर्मदेतला गोटा म्हणतात. तो गोटाही बहुधा गारगोटीच्याच कुळातला. हजारो वर्षं आपल्याच जातीच्या कणांशी घासून तो गुळगुळीत झालेला असतो, कारण बरोबरीचे दोघे घासले की दोघेही थोडे थोडे देतात. काचेची आणि वाळूच्या कणाची अशी बरोबरी नाही.

चऱ्यानं मन खट्टू होतं ते दिसण्यापायी. पण काचेच्या चऱ्याचा एक धोका खराही आहे, आणि तो काच कापणाऱ्या माणसाला आधीपासून ठाऊक आहे. तो काच आरपार कापत नाही. हिरकणीनं वरवर एक रेघ ओढतो, काच टेबलाच्या कडेवर धरून हलकेच दाबतो आणि ती त्या रेघेवर सरळ तुटते. असं का होतं, याचा उलगडा ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला. रेणूंमधल्या बंधांच्या हिशोबानं काच जितकी बळकट असायला हवी, त्याच्या जवळपास शंभराव्या हिश्श्यानंच ती प्रत्यक्षात बळकट निघते, कारण तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य फटी असतात. काच वाकवली की सगळा ताण फटीच्या टोकाशी गोळा होतो. ते टोक अणूंच्या मापाइतकं धारदार, त्यामुळे तिथला ताण बेसुमार वाढतो आणि फट धावत सुटते. ग्रिफिथनं काचेचे ताजे, अतिशय बारीक धागे ओढून पाहिले, तेव्हा ते जाड काचेपेक्षा कितीतरी बळकट निघाले. फटी पडायला त्यांना अजून वेळच मिळालेला नव्हता.

घड्याळाच्या आणि फोनच्या काचेत या फटींचं तोंड आधीच दाबून ठेवलेलं असतं. २००७ साली आलेल्या आयफोनपासून ही काच घराघरांत पोचली. पद्धत अशी: काचेत सोडियमचे आयन असतात. काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, सुमारे ४०० अंश सेल्सिअसला, काही तास बुडवून ठेवतात. पृष्ठभागाजवळचे सोडियम बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियम येऊन बसतात. पोटॅशियमचा आयन अंगानं मोठा. पंगतीत मुलं बसली होती, ती उठली आणि पाट न हलवता त्याच पाटांवर मोठी माणसं बसली, तर खांद्याला खांदा कसा भिडेल? ओळ दोन्हीकडून आवळून बसते. काचेचा वरचा थर तसाच आवळलेला असतो. वरून फट पडली तरी दोन्ही बाजूंचे अणू तिला मिटवू पाहतात. हा आवळलेला थर केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पन्नासेक मायक्रॉनचा. चरा त्याच्या आतच थांबला तर काचेची ताकद फारशी कमी होत नाही. त्याखाली उतरला, तर मात्र तो आतल्या ताणलेल्या भागात जातो, आणि मग एखाद्या दिवशी घड्याळ उशीवर टाकल्यावरही काच तडकू शकते.

म्हणून नखाची परीक्षा कामाची आहे. नख नुसतं जाणवून पुढे गेलं तर तो चरा बहुधा दिसण्यापुरता. नख अडकलं तर सावध राहावं. काचेच्या कडेचा टवका उडाला असेल तर जास्तच सावध, कारण ठोसा बसला की कडेला ताण जास्त येतो आणि टवका ही तयार फट असते. माझा चरा कडेवर नाही आणि नख अडकत नाही, म्हणून मी त्याच्या वाटेला गेले नाही.

महागड्या घड्याळांवर काच नसते, सफायर असतो. २०१५ साली ॲपलचं पहिलं घड्याळ आलं, तेव्हा ॲल्युमिनियमच्या घड्याळाला मजबूत केलेली काच होती आणि पोलादाच्या घड्याळाला सफायर. सफायर म्हणजे नीलम, पण घड्याळावर असतो तो रंगहीन. रसायनाच्या दृष्टीनं तो ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, म्हणजे आपला कुरुंद. हत्यारांना धार लावायचा कुरुंदाचा दगड, नीलम आणि माणिक ही तिन्ही एकाच खनिजाची रूपं. क्रोमियमचा अंश आला की तो लाल होतो आणि माणिक म्हणवतो. लोह आणि टायटॅनियम आले की निळा. आमच्या गावातल्या माणिकबाग राजवाड्याच्या नावातही माणिक आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून तो राजवाडा उभारून घेतला, तेव्हा काच, धातू आणि नव्या कृत्रिम पदार्थांनी सजलेलं इतकं आधुनिक घर भारतात क्वचितच कुठे होतं. आता तिथे केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे.

कुरुंद खाणीतूनच यावा लागला असता तर घड्याळावर तो कोणालाच परवडला नसता. ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९०२ साली तो कारखान्यात बनवायची रीत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी चाळणीतून हळूहळू खाली सोडायची, वाटेत ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत, २००० अंशांच्या वर, ती वितळते आणि खालच्या टेकूवर थेंबाथेंबानं साचत एकसंध स्फटिक वाढतो. मेणबत्तीचं मेण साचतं तसा. भुकटीत क्रोमियम मिसळलं की माणिक. या स्वस्त माणकांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक कोण होतं? घड्याळंच. पण काचेसाठी नव्हे.

आजोबांचं एचएमटी जनता माझ्याकडे आहे. एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली बेंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे मिलमध्ये कामाला जाणाऱ्या इंदूरच्या कितीतरी मनगटांवर ती आली. आजोबा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांच्या घड्याळाच्या डायलवर ‘१७ ज्वेल्स’ असं छापलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, आत सतरा रत्नं आहेत तर आजोबा श्रीमंत असले पाहिजेत. रत्नं खरीच आहेत, व्हर्नयच्या जातीची माणकं. चाकांच्या आसांची सुईसारखी टोकं त्यांच्यात फिरतात. या घड्याळाचं बॅलन्स व्हील तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून जास्त. पोलादाचं टोक पितळेच्या भोकात फिरवलं असतं तर भोक रुंदावत गेलं असतं आणि घड्याळ मागे पडत गेलं असतं. म्हणून लंडनमध्ये १७०४ साली निकोलस फॅशियो द द्यूइयेर आणि त्याच्या सोबत्यांनी रत्नात भोक पाडून ते आसाला बसवण्याचं पेटंट घेतलं. कुरुंद झिजत नाही, टोक त्यात गुळगुळीत फिरत राहतं, आणि दर काही वर्षांनी घड्याळ ऑइलिंगला टाकलं की पुरतं.

म्हणजे त्या घड्याळात कुरुंद आत होता आणि वर होती ॲक्रिलिकची, आजोबांच्या भाषेत प्लास्टिकची काच, जेमतेम तिसऱ्या पायरीवरची. खरी झीज आत चालायची. तिच्यासाठी माणकं होती, तेल होतं आणि घड्याळजी होता. वरची काच खराब होणार हे गृहीतच असायचं. ती दहा मिनिटांत बदलून मिळायची. आपल्या स्मार्टवॉचमध्ये फिरणारं जवळजवळ काही उरलेलंच नाही. बटणाची फिरकी आणि मनगटाला थरथर देणारी छोटी मोटर एवढंच. कुरुंद आतून निघाला आणि काचेच्या जागी बाहेर येऊन बसला. मला हा बदल फार मोठा वाटतो. झीज नाहीशी झालेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. काही बाहेर आली, जिथे ती सगळ्यांना दिसते, आणि उरलेली बॅटरीत गेली, जिथे ती कोणालाच दिसत नाही. आपण मन लावून बाहेरच्या झिजेकडेच बघत राहतो.

सफायरच्या बाबतीत एवढं सांगायला हवं की तो वाळूला दाद देत नाही, पण ठोशाला देतो. कठीण पदार्थ लवचीक असतोच असं नाही. शिवाय तो काचेपेक्षा जास्त प्रकाश परावर्तित करतो, म्हणून उन्हात पडदा नीट दिसावा यासाठी त्याच्यावर बऱ्याचदा पातळ लेप देतात, आणि तो लेप सफायरइतका कठीण नसतो. सफायरवर चरा पडला म्हणून जे चिडतात, त्यांच्या काही चऱ्यांचा जन्म या लेपातच झालेला असतो. काचेवर बोटांचे तेलकट ठसे बसू नयेत म्हणून आणखी एक लेप असतो, फ्लोरिनयुक्त संयुगाचा, काही नॅनोमीटर जाडीचा. तो रोजच्या पुसण्यानंच विरळ होत जातो. घड्याळ वर्षभरात पहिल्यासारखं बोटाखाली सुळकन सरकेनासं होतं, त्याचं कारण हेच.

याच लेपापायी टूथपेस्टचा उपाय स्मार्टवॉचवर करू नये. आजोबा दंतमंजनानं काच घासायचे आणि ती खरंच स्वच्छ व्हायची. मंजनातला खडू तिसऱ्या पायरीवर, ॲक्रिलिकही तिथेच. खडू उंचवटे अलगद घासून सपाट करतो आणि चरा बुजल्यासारखा दिसतो. मजबूत काचेचा चरा खडूनं हलतही नाही, फक्त लेप जातो. सेरियम ऑक्साइडसारख्या खऱ्या पॉलिशनं काच घासली जाते खरी, पण तिच्याबरोबर तो आवळलेला थरही घासला जातो.

केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या चौकटीची, गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियमच्या केसला ॲनोडाइझ केलेलं असतं, आपल्या हार्ड ॲनोडाइज्ड कुकरसारखंच. वर ऑक्साइडचं कठीण कवच, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग भरलेला आणि खाली मऊ धातू. कवच खरवडलं की काळ्या केसवर चांदीसारखी रेघ उघडी पडते. ती परत काळी होत नाही. पोलादी केसला चरे लवकर पडतात, पण पॉलिश करून घेता येतात. स्वस्त घड्याळांत बऱ्याचदा प्लास्टिक किंवा जस्ताचा मिश्रधातू असतो आणि त्यावर मुलामा. मुलामा उडायला लागला तर कड कातडीला लागत नाही ना, एवढं पाहावं. बाकी पोच्यांचं दुःख करू नये. आपल्या घरातल्या कोणत्या पातेल्याला पोचा नाही?

वाळूपासून वाचायचा सर्वांत साधा नियम म्हणजे कोरड्या फडक्यानं न पुसणं. काचेवर बसलेला कण कोरड्या फडक्यानं आपण स्वतःच काचेवर फिरवतो. आधी पाण्यानं वाहू द्यावा, मग मऊ फडकं. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापुढे गुलालात न्हाऊन आल्यावर तर नक्कीच. स्टार्चचा गुलाल मऊ असतो, पण मिसळलेल्या रंगात आणखी काय असेल ते आपल्याला कळत नाही. पट्टाही काढून धुवावा; घामाचं मीठ आणि साबण त्याच्याखाली साचून कातडीला पुरळ येतं. चार्जिंगच्या धातूच्या ठिपक्यांवर घाम असताना घड्याळ चार्जरवर ठेवलं तर विजेच्या प्रवाहात तो धातू कुरतडला जातो. पुसून मग ठेवावं.

पाणी न शिरण्याची हमीही नव्या घड्याळाची असते. ‘५ एटीएम’ म्हणजे ५० मीटर खोलीवरच्या पाण्याइतका स्थिर दाब, प्रयोगशाळेत, नव्या नगावर. आतलं रबरी सील वयानं कडक होतं, गरम पाण्यानं आणि साबणानं त्याचं वय वाढतं. तीन वर्षांचं, कडेला टवका उडालेलं घड्याळ घालून महेश्वरच्या घाटावर बुडी मारणं मला धाडसाचं वाटतं.

आणि बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीत दर चार्जिंगला ग्रॅफाइटवर एक पापुद्रा किंचित जाड होतो आणि त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं. काही शे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. उष्णतेनं हा वेग वाढतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार असतो, त्या वेळी पूर्ण चार्ज केलेलं घड्याळ उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं म्हणजे त्याच्या आयुष्यातले महिने कापणं. चरा पडल्यावर मी अकरा दिवसांच्या घड्याळासाठी हळहळले, पण स्कूटरच्या तापलेल्या डिकीत ते कितीदा ठेवलं याचा हिशोब मी ठेवला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मी ते घेऊन जेल रोडवर गेले. तिथे मोबाईलवाल्यांची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत. काउंटरवरच्या मुलानं घड्याळ दिव्याखाली फिरवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, “दीदी, काँच अलग से नहीं आती, पूरा पैनल बदलेगा.” काच आणि पडदा पारदर्शक गोंदानं एकजीव केलेले असतात, म्हणून वरची काच तेवढी उचलता येत नाही. त्यानं सांगितलेला खर्च नव्या घड्याळाच्या निम्म्याहून जास्त होता. आणि एवढं करूनही उघडलेलं सील पूर्वीसारखं बसेल याची खात्री नव्हती, हे त्यानंच प्रामाणिकपणे सांगितलं. वरून फिल्म लावायचा पर्याय त्यानं दिला, तो मी घेतला. मऊ फिल्मवर चरे लगेच पडतात, पण फिल्म बदलता येते. आजोबांची प्लास्टिकची काच मला अशी परत मिळाली म्हणायची.

हे घड्याळ शेवटी बॅटरीमुळेच थांबेल. तेव्हा ते कपाटात ठेवायचं नाही. आमच्याकडे सकाळी कचऱ्याची पिवळी गाडी गाणं वाजवत येते, तिच्यात ओल्या-सुक्यासोबत इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचाही वेगळा कप्पा असतो. देशाचे ई-कचऱ्याचे नवे नियमही १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि वापरून झालेल्या वस्तूची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी ते उत्पादकावर टाकतात. ओल्या कचऱ्यात चिरडलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून तेवढं लक्षात ठेवायलाच हवं.

हे प्रकरण लिहिताना मंजनाची गोष्ट मला नुसत्या आठवणीवर सोडायची नव्हती. आजोबांचं एचएमटी काढलं, किल्ली दिली, चालू झालं. काच इतकी धुरकट होती की सेकंदाचा काटा शोधावा लागत होता. ओल्या सुती चिंधीवर चिमूटभर पांढरं मंजन घेऊन उजवीकडून गोल गोल घासायला लागले. पाच मिनिटांनी बारापासून सहापर्यंतचे आकडे नव्यासारखे दिसायला लागले. सहाच्या पुढे, सातच्या डोक्यावर, एकमेकींना लागून तीन आडव्या रेघा होत्या. साच्याच्या लोखंडी चौकटीला आजोबांचं मनगट रोज जिथे घासायचं, तिथल्या. मी चिंधी बाजूला ठेवली. घड्याळ तसंच कपाटात आहे, उजवी बाजू लख्ख आणि डावी आजोबांची.